‘बायबल खरे कशावरून?’ या प्रश्नाला मी दिलेले अर्धे उत्तर

मुद्रितशोधक | रविवार, रात्री 9.40

नमस्कार. मी नागपुरात सदरला राहतो. 32 वर्षे निरनिराळ्या छापखान्यांत मुद्रिते तपासली. आधी शिशाच्या खिळ्यांची, नंतर ऑफसेटची आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावरची. आमच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा चौथ्या पिढीपर्यंत आली आहे. ती पाचवीपर्यंत पोहोचेल की नाही, ही धाकधूक हे धागा काढण्याचे खरे कारण आहे.

गेल्या रविवारी उपासनेनंतर भाचा माझ्याबरोबर तर्री-पोहे खायला थांबला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहातल्या मित्रांच्या गटात फिरणारा एक संदेश त्याने मला दाखवला. इ.स. 325 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथील धर्मगुरूंच्या परिषदेत मतदान घेऊन बायबलमधली पुस्तके ठरवली आणि नकोशी पुस्तके जाळून टाकली, असे त्यात होते. तो म्हणाला, “मामा, हे खोटं असेल तर खरं काय ते सांगा. आणि खरं असेल तर आपण दर रविवारी वाचतो तरी काय?” मी म्हणालो, “श्रद्धेने वाच, म्हणजे कळेल.” त्याने थोडी तर्री वाढून घेतली आणि मुकाट्याने खात राहिला. तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला सदैव तयार असा आणि ते सौम्यतेने द्या, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. मी सौम्य होतो, पण तयार नव्हतो.

म्हणून आठवडाभर वाचन केले. संदेशापुरते उत्तर सोपे निघाले. नायसियाला वाद पेटला तो अरियस या धर्मगुरूच्या मतावरून, म्हणजे पुत्र हा पित्याशी समान की त्याने निर्माण केलेला, या प्रश्नावरून. त्या परिषदेचे 20 नियम आज उपलब्ध आहेत आणि त्यांत पुस्तकांच्या यादीविषयी एक अक्षर नाही. चार शुभवर्तमाने (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चरित्रे), चारच, असा आग्रह बिशप इरेनियसने इ.स. 180 च्या सुमारासच धरला होता. उलट नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाच्या, आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती बिशप अथनेशियसच्या इ.स. 367 च्या पत्रात, म्हणजे नायसियानंतर बेचाळीस वर्षांनी. यादी कोणा एका सम्राटाने एका बैठकीत ठरवली नाही. ती वापरात घासून घासून ठरली आणि काठावरच्या काही पुस्तकांबद्दल बराच काळ कुरबुर चालू राहिली.

तथापि भाच्याच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न होता आणि तो माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातला होता. शेकडो वर्षे हाताने नकला होताना मजकुराचे काय झाले असेल? चुका कशा होतात हे मला पुस्तकात वाचावे लागत नाही. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द असला, की जुळाऱ्याची (खिळे जुळवणाऱ्याची) नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधली ओळ गळते. समासात कोणी खुलासा लिहून ठेवला, तर पुढचा माणूस तो मजकुरात घेतो. एखादे वाक्य खडबडीत वाटले, तर शहाणा जुळारी ते गुळगुळीत करतो. हा शहाणा जुळारी सर्वांत घातक, कारण त्याची चूक चुकीसारखी दिसत नाही.

1947 साली मृत समुद्राकाठी कुमरान येथे मेंढपाळांना गुहेत गुंडाळ्या सापडल्या. त्यांत जुन्या करारातल्या (बायबलच्या येशूपूर्व भागातल्या) यशयाच्या ग्रंथाची सुमारे सव्वासात मीटर लांबीची, सर्व 66 अध्याय असलेली प्रत निघाली. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली मानली जाते. तोपर्यंत हिब्रू जुन्या कराराची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत होती ती साधारण इ.स. 1008 ची. म्हणजे मूळ मुद्रित आणि शेवटचे मुद्रित यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आणि दोन्ही एकाच टेबलावर! माझ्यासारख्याला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती? फरक पुष्कळ आहेत, पण बहुतेक वेलांटी-उकाराच्या जातीचे. काही ठिकाणी अर्थाचा फरक आहे आणि अशा काही जागी आजचे अनुवादक कुमरानचा पाठ पत्करतात.

आता न आवडणारी बाजू. मार्कच्या शेवटच्या 12 ओव्या आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली कथा, जी मला सर्वांत प्रिय आहे, या दोन्ही सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. माझ्या घरच्या मराठी बायबलमध्ये त्या कंसात छापल्या आहेत. साठ वर्षे तो ग्रंथ हाताळूनही हे कंस मला कोणी दाखवले नाहीत आणि मीही, धंद्याने मुद्रितशोधक असून, विचारले नाही. कोंबडे झाकल्याने उजाडायचे थांबत नाही. भाच्याला हे कंस वसतिगृहातल्या मित्राने दाखवण्याआधी मी दाखवायला हवे होते, असे आता वाटते. बायबलच्या सत्यतेचा बचाव करायचा तर तो कंस उघडे ठेवूनच करता येईल, हे माझे मत आहे. जाणकारांनी आणि न मानणाऱ्यांनीही लिहावे.


विवेकी_वऱ्हाडी | रविवार, रात्री 11.05

मुद्रितशोधकजी, मी नास्तिक आहे आणि हे पहिलेच सांगतो, म्हणजे पुढचा मजकूर त्या चष्म्यातून वाचता येईल. आपण कंस दाखवलेत याबद्दल आदर वाटला. पण तुमचा बचाव एका जागी ताकाला जाऊन भांडे लपवतो.

नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखित प्रती आहेत, असा आकडा प्रचारक नेहमी फेकतात. (आपण तो वापरला नाहीत, हे मान्य.) त्यांतल्या बहुसंख्य नवव्या शतकानंतरच्या आहेत. पहिल्या दोन शतकांतले म्हणावे असे हाती लागतात ते कपटे. मँचेस्टरच्या ग्रंथालयातला योहानाचा प्रसिद्ध कपटा पाहा: जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना मिळून थोड्याशा ओळी. त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध म्हणून सांगितला जातो, पण अक्षरवळणावरून इतका नेमका काळ ठरवता येत नाही, असे काही अभ्यासक म्हणतात.

तरीही समजा, मजकूर अक्षरशः जसाच्या तसा पोहोचला. त्याने काय सिद्ध झाले? प्रत शुद्ध आहे एवढेच. लिहिलेले घडले होते, हे कुठे सिद्ध झाले? मत्तय सांगतो की येशूच्या मरणाच्या वेळी थडगी उघडली आणि पुष्कळ संत उठून नगरात गेले व अनेकांच्या दृष्टीस पडले. एवढी घटना! पण मार्क, लूक, योहान यांना तिची गंधवार्ता नाही आणि बाहेरच्या कोणा लेखकालाही नाही. लूक सांगतो की क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना नावनिशी झाली आणि तेव्हा येशू जन्मला. मत्तय सांगतो की हेरोद राजा जिवंत असताना जन्मला. हेरोद ख्रिस्तपूर्व 4 मध्ये मेला आणि योसेफस या यहुदी इतिहासकाराप्रमाणे क्विरीनियची शिरगणती इ.स. 6 ची. मधली निदान नऊ वर्षे कोणत्या कंसात बसवायची?


पोथीवेडा | सोमवार, सकाळी 7.20

दोघांच्या मधे बोलतो. मी ख्रिस्ती नाही. संस्कृत पोथ्यांच्या नादी लागलेला माणूस आहे.

आपल्याकडे पाठभेद हा शब्द निंदेचा नाही, हे मराठी वाचकाने विसरू नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ बिघडले होते म्हणूनच, आणि त्यामुळे ज्ञानेश्वरी खोटी ठरली असे कोणी म्हटले नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. त्यासाठी 1,259 हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही सर्वांच्या तोंडची कथा या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली, कारण प्रतींचा आधार पुरत नव्हता. योहानातल्या त्या स्त्रीच्या कथेचे जे झाले तेच हे. कथा सुंदर आहे म्हणून ती मूळची ठरत नाही आणि मूळची नाही म्हणून ती फेकूनही देत नाहीत.

कुमरानविषयी मुद्रितशोधकजींच्या लिखाणात एक भर घालतो. यशयाच्या प्रतीचे चित्र थोडे फार जुळते, पण यिर्मयाचे तसे नाही. यिर्मयाची प्राचीन ग्रीक भाषांतरातली संहिता हिब्रूपेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने आखूड आहे. भाषांतरकाराने काटछाट केली असावी, असा एक तर्क पूर्वी चाले. पण कुमरानच्या चौथ्या गुहेत तशाच आखूड वळणाच्या हिब्रू प्रतीचे तुकडे निघाले. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या एकाच समाजात नांदत होत्या. ‘एक बिंदूही बदलला नाही’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हा तुकडा जरूर पाहावा.

आणि जाता जाता: यशयाच्या त्या लांब गुंडाळीत 40 व्या अध्यायाचा स्तंभ शोधून पाहा. आपल्या धंद्यातली एक गंमत तिथे आहे. सांगत नाही, छायाचित्रे सर्वांना पाहायला खुली आहेत.


रामटेकचा_वाटसरू | सोमवार, सकाळी 10.12

एवढी विद्वत्ता कशाला? पोतंभर तांदूळ मिळाले की सगळे ग्रंथ खरेच वाटतात.


मुद्रितशोधक | सोमवार, दुपारी 1.30

वाटसरू, हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो. माझ्या पणजोबांनी कोणत्या कारणाने बाप्तिस्मा घेतला हे मला माहीत नाही; त्यांनी तांदळासाठी घेतला असे उद्या सिद्ध झाले, तरी येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पंतय पिलात यहूदियाचा सुभेदार होता की नव्हता, याचे उत्तर त्याने बदलणार नाही. या धाग्यावर प्रश्न तो आहे.

तसा एक नागपूरचाच प्रसंग सांगतो. नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ नागपुरात होते. 1893 साली ते इथून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे घरात जे वादळ उठले ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. वाचणाऱ्याला तिथे तांदूळ सापडणार नाहीत.

विवेकीजींचा मुद्दा मात्र वर्मी लागला. प्रत शुद्ध म्हणून मजकूर खरा ठरत नाही, हे मी तर जन्मभर अनुभवले. निवडणुकीची पत्रके मी एकही काना-मात्रा न चुकता छापून दिली आहेत! तेव्हा खरेपणाच्या प्रश्नाकडे येतो.

बाहेरचे पुरावे दोन्ही बाजूंनी सांगतो. ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला अरामी शिलालेख 1993 साली उत्तर इस्राएलमध्ये तेल दान येथे निघाला. त्याआधी दावीद हा केवळ दंतकथेतला राजा असावा, असे म्हणणारे अभ्यासक होते. पिलाताचे नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरियाला सापडला. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या स्वारीची हकीगत बायबलमध्ये आहे आणि खुद्द सन्हेरीबाच्या लेखातही. यहूदाचा राजा हिज्कीया याला आपण यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असे तो सांगतो, पण नगर जिंकले असे सांगत नाही. दुसरीकडे यरीहो, ज्या नगराचे तट यहोशवाच्या स्वारीत कोसळले असे बायबल सांगते. 1950 च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी तिथे खोदले, तेव्हा यहोशवाच्या काळी म्हणून कोसळावेत असे तट त्यांना मिळाले नाहीत. हे मला आवडत नाही, पण मुद्रितावर माझी आवड चालत नाही.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. योहानाच्या 9 व्या अध्यायात आंधळ्याला शिलोह तळ्यावर जाऊन डोळे धुवायला सांगितले आहे. 2004 साली यरुशलेमेत सांडपाण्याच्या नळीचे काम चालू असताना खोदकामात दगडी पायऱ्या लागल्या आणि त्या काळचे ते तळे उघडे पडले. (आमच्याकडे रस्ते बारा महिने खोदलेलेच असतात, पण निघते ती दुसरी नळी.) यरुशलेम इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त झाले. आज एखाद्या जुन्या कागदात गांधीसागराला जुम्मा तलाव म्हटलेले दिसले, तर लिहिणारा जुने नागपूर जाणणारा होता, असे आपण धरतो. योहानाची हकीगत जुने यरुशलेम पायाखालून गेलेल्या माणसाकडून आलेली दिसते, एवढेच मी म्हणतो.

क्विरीनियचे कोडे मला सुटलेले नाही. लूकच्या त्या वाक्यातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिली’ (नावनिशी) याऐवजी ‘आधीची’ असा घेतात, तो ओढूनताणून वाटतो. थडग्यांतून उठलेल्या संतांविषयी आमच्यातलेही काही अभ्यासक ते वर्णन लाक्षणिक मानतात. माझे मत अजून पक्के नाही.


सिव्हिल_लाइन्सचा_वकील | सोमवार, रात्री 8.50

विषय साक्षीपुराव्यावर आला म्हणून लिहितो. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचे (तो 2024 मध्ये रद्द झाला) कलम 90 मी दोन-तीन प्रवचनांत ऐकले आहे: तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर न्यायालय तो खरा मानते, म्हणून बायबलही खरे. हा युक्तिवाद नवा नाही; हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांनी 1846 मध्ये शुभवर्तमानांविषयी असाच मांडला होता. पण कलमाखाली गृहीत धरले जाई ते सही आणि हस्ताक्षर ज्याचे म्हणवले जाते त्याचेच आहे, एवढे; तेही न्यायालयाच्या मर्जीवर. आतला मजकूर सत्य आहे, असे ते कलम कुठेही म्हणत नव्हते. शिवाय शुभवर्तमानांच्या मूळ मजकुरात लेखकाची सहीच नाही. ‘मत्तयकृत’, ‘मार्ककृत’ ही मथळ्यांची नावे आहेत. हा युक्तिवाद माझ्या अशिलाच्या बाजूचा असता तरी मी उभा राहून केला नसता.

मात्र विरोधी बाजूचीही एक सवय आहे: विसंगती सापडली की साक्षीदार खोटा. आपली न्यायालये तसे मानत नाहीत. ‘एका बाबतीत खोटा तो सर्व बाबतींत खोटा’ हे तत्त्व भारतात सरसकट लागू होत नाही; दाणे आणि फोल वेगळे करणे हे न्यायाधीशाचे कामच समजले जाते. येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी पहाटे किती स्त्रिया गेल्या? योहान मग्दालीया मरीयेचेच नाव घेतो, मार्क तिघींची नावे सांगतो, लूक आणखी काही जणींचा उल्लेख करतो. चौघांनी अक्षरशः एकच सांगितले असते, तर उलटतपासणीत माझा पहिला प्रश्न असता, ‘तुम्हाला कोणी पढवले?’ स्त्रियांची साक्ष घेऊ नये, असे योसेफस लिहितो. अशा समाजात हकीगत रचायची असती तर पहिले साक्षीदार म्हणून स्त्रिया कोणी निवडल्या नसत्या, हाही मुद्दा हलका नाही. पण मुद्दा जड असणे आणि गुन्हा शाबीत होणे यांत अंतर असते. साक्षीदार पिंजऱ्यात नाहीत, त्यांची उलटतपासणी होणार नाही, आणि आपल्यापुढे आहेत ते त्यांच्या जबान्यांचे सारांश. माझे मत विचाराल तर प्रकरण पुराव्याअभावी फेटाळण्यासारखे नाही आणि निर्विवाद शाबीत होण्यासारखेही नाही.


पिंपळपान | मंगळवार, सकाळी 6.55

माझ्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. त्यामुळे धर्म पारखून घेणे हा शब्दप्रयोग आमच्या घरात रोजच्या बोलण्यातला आहे.

आमच्या त्रिपिटकाचाही इतिहास असाच आहे. बुद्धवचने कित्येक पिढ्या मुखोद्गत होती आणि परंपरेप्रमाणे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ती प्रथम लिहून काढली गेली. त्यात भर पडली असेल हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्याने आमचे फारसे अडत नाही, कारण कालाम सुत्तात तथागतांनीच सांगून ठेवले की ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः जाणा, अकुशल असेल ते सोडा आणि कुशल असेल ते धरा. उद्या सिद्धार्थ गौतमाच्या चरित्रातली एखादी घटना घडली नव्हती असे ठरले, तरी तृष्णेतून दुःख उपजते हे विधान उभेच राहते. तुमचे तसे नाही. तुम्ही सगळा भार एका घटनेवर टाकला आहे. थडगे रिकामे नसेल तर तुमच्याकडे उरते काय?

दुसरा प्रश्न खडा आहे, तरी विचारतो. ग्रंथ खरा असेल तर तो मानणाऱ्यांच्या घरांत जात का टिकली?


मुद्रितशोधक | मंगळवार, रात्री 10.15

पिंपळपान, पहिल्या प्रश्नाला पौलाने तुमच्याआधी उत्तर दिले आहे आणि ते तुमच्या बाजूचे आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात तो लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. कोणत्या घटनेने आपला धर्म खोटा ठरेल, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. त्याच अध्यायाच्या आरंभी तो साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे तो मुद्दाम म्हणतो, मग याकोब. हे पत्र इ.स. 55 च्या आसपासचे मानतात आणि ही यादी आपल्याला मिळाली ती सांगितली, असे पौल म्हणतो. म्हणजे यादी पत्राहून जुनी. घटना आणि लेखन यांत पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचे अंतर. पंचवीस वर्षांपूर्वीचे छापखान्यातले भांडण मला कोण कुठे उभे होते इतके आठवते. मात्र तारीख विचाराल तर चुकेन.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच कामातून द्यावे लागते. विवाहविषयक जाहिरातींत ‘ख्रिस्ती’ या शब्दापुढे कंसात पूर्वीची जात छापलेली मी स्वतः तपासली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. शुद्धलेखनाची चूक नव्हती, म्हणून सोडून दिली. आधी मी ज्या कंसांविषयी इतक्या अभिमानाने लिहिले, त्यांच्या शेजारी हाही कंस ठेवावा लागेल.


खाणीतला_दगड | बुधवार, दुपारी 12.40

सहा दिवसांच्या सृष्टीचा विषय अजून निघाला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण ‘बायबल आणि विज्ञान’ म्हटले की पहिला दगड तिथेच पडतो. नागपूरला या बाबतीत स्वतःचा वारसा आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून इथे आले. उपदेशाबरोबर त्यांनी या परिसरातले वनस्पतींचे आणि प्राण्यांचे जीवाश्म गोळा केले. त्यांचा आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील लेख 1855 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव त्यांच्यावरून पडले. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 पासून इथे आहे, त्यांच्या एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात हातोडी होती, एवढे आपल्याला खात्रीने म्हणता येते.

सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्यांनी पायाखाली पाहावे. वर धर्मगुरू घडवणारे विद्यालय आणि खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दोघांचे शेजारपण शांततेत चालू आहे. पृथ्वी ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये निर्माण झाली हा हिशेब आर्चबिशप अशर यांचा, 17 व्या शतकातला. तो पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापला जाऊ लागला आणि लोकांना मजकुराचाच भाग वाटू लागला. समासातले मजकुरात जाते ते असे, मुद्रितशोधकजी. भूशास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीतले दिवस साधे सूर्यदिवस मानले नव्हते आणि सृष्टीविषयी अडाणी विधाने करून ख्रिस्ती लोकांनी न मानणाऱ्यांपुढे हसे करून घेऊ नये, असेही बजावले होते.


कामठीची_ताई | बुधवार, सायंकाळी 5.30

आम्ही कॅथलिक. मुद्रितशोधक काका, आपल्या 66 पुस्तकांपुढे आमच्या बायबलमध्ये 73 आहेत, हे भाच्याला कोणी आधी सांगितले नाही तर तोही एक धक्का बसेल. ट्रेंटच्या परिषदेत 1546 मध्ये आमच्या यादीवर शिक्कामोर्तब झाले, त्यामुळे ‘परिषदेने ठरवले’ हे वाक्य अगदीच बिनबुडाचे नाही, शतके मात्र चुकली आहेत. आमच्याकडे ग्रंथ आणि परंपरा या दोन्ही मिळून चालतात. म्हणून मंडळीने यादी ठरवली म्हटल्याने आम्ही तितके दचकत नाही.


विवेकी_वऱ्हाडी | बुधवार, रात्री 11.30

योहानाला यरुशलेमचा भूगोल ठाऊक होता, हे मान्य. कादंबरीकाराला सीताबर्डी ठाऊक असते म्हणून त्याची कादंबरी इतिहास होत नाही, हेही आपण मान्य कराल. वकीलसाहेबांच्या स्त्रियांच्या मुद्द्यावर एवढेच, की पौलाच्या सर्वांत जुन्या यादीत त्या स्त्रिया नाहीतच. एक तर पौलाने त्या गाळल्या किंवा पुढे कोणी घातल्या.

तरीही या धाग्यावर मला पहिल्यांदा असे दिसले की समोरचा माणूस ‘मला सुटलेले नाही’ असे लिहू शकतो. माझ्या बाजूचे लोकही ते फारसे लिहीत नाहीत.


मुद्रितशोधक | रविवार, रात्री 10.05

विवेकीजी, मला वाटते पौलाने गाळल्या, आणि ज्या कारणाने गाळल्या त्याच कारणाने शुभवर्तमानांतल्या स्त्रिया मला खऱ्या वाटतात: त्या साक्षीला तेव्हा किंमत नव्हती. तुम्हाला हे पटणार नाही. पुरावा मला थडग्याच्या दारापर्यंत नेतो. आत मी पुराव्याने गेलेलो नाही, हे कबूल करून ठेवतो.

आज भाचा घरी आला होता. आधी त्याला मार्क आणि योहान यांतले कंस दाखवले आणि कंस काढले तर मार्क कुठे संपतो तेही वाचून दाखवले: त्या स्त्रिया भ्यालेल्या होत्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत, बस. तो म्हणाला, “मामा, हा शेवट जास्त खरा वाटतो.” मी वाद घातला नाही. 73 पुस्तकांची गोष्टही सांगितली, ताई.

मग पोथीवेडा यांनी सांगितलेला स्तंभ संगणकावर मोठा करून पाहिला. हिब्रू दोघांनाही येत नाही, पण शेजारी भाषांतर ठेवले आणि बोट ठेवून ओळी मोजल्या. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द तिथे लागोपाठ दोनदा येतात. लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली आणि मधला मजकूर गळला. नंतर कोणीतरी तो ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत भरला; तिथे मावला नाही म्हणून डाव्या समासात खाली उतरवला. अगदी माझ्या एखाद्या गॅलीसारखे (कच्च्या मुद्रितासारखे) दिसत होते, फक्त गळलेली जागा दाखवणारी हंसपदाची खूण तेवढी हवी होती. जुन्या ग्रीक भाषांतरातही तो मजकूर नाही, त्यामुळे मूळ पाठ आखूडच होता, असे मानणारेही अभ्यासक आहेत. आणि ज्या वाक्यापाशी हे घडले ते पुढे म्हणते की आमच्या देवाचे वचन सर्वकाळ टिकते.

भाचा बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने विचारले, “दुरुस्ती त्याच माणसाची आहे का?”

“नाही. हात वेगळा आहे.”

“मग पहिल्याला कधी कळलंच नसेल.”

चहा गार झाला होता. तो पुन्हा टाकायला मी उठलो, तर त्याने पुढचा स्तंभ उघडला होता.